२०११ ची डिझेल गाडी घेऊन ठाण्याहून नेपाळ, मुक्तिनाथपर्यंत. करावं का?

कोलशेतकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे एमएच ०४ पासिंगची डिझेल सेडान आहे, रजिस्ट्रेशन १४ डिसेंबर २०११ चं. इंजिन ते १२४८ सीसीवालं, त्या काळी अर्ध्या देशाच्या गाड्यांत हेच असायचं. मीटरवर १ लाख ८४ हजार. पहिला आणि आजवरचा एकच मालक, आमचे बाबा. व्हीआरएसच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे आमच्या दोघा भावंडांपेक्षा तिचे लाड जास्त झालेत. अजूनही रविवारी सकाळी वॉचमनकडून बादली घेऊन स्वतः पुसतात, मी हात लावला तर म्हणतात तू पुसत नाहीस, चरे पाडतोस.

तर बाबांनी (वय ६९) गेल्या महिन्यात जेवताना जाहीर केलं की मुक्तिनाथला जायचं. टूरबरोबर नाही, विमानाने नाही, आपल्या गाडीने. आई म्हणाली, आधी भिवंडी बायपास ओलांडून दाखवा मग नेपाळचं बोला. मला वाटलं विषय संपला, पण दुसऱ्या दिवशी टेबलावर नकाशाची प्रिंट आणि त्यावर स्केचपेनने रेघ मारलेली.

यंदा (२०२६) लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, भाऊबीज उरकून निघायचं, पंधरा-सोळा दिवस. माणसं पाच, आईबाबा, मी, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. चालवणार मी आणि थोडं बाबा (असं त्यांचं म्हणणं).

गाडीची तब्येत अशी: क्लच १ लाख ३० हजारला बदलला, टर्बो कधी उघडलेला नाही, सकाळी पहिल्या सेल्फला चार-पाच सेकंद पांढरट धूर येतो मग साफ होतो, ऑइल फारसं खात नाही, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी राहिली तरी काटा अर्ध्याच्या वर जात नाही. वागळे इस्टेटचा आमचा जुना मिस्त्री म्हणतो बिनधास्त न्या, काय होत नाही. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली तर त्यांनी ७२ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, त्यात वायपर ब्लेडपासून टर्बोपर्यंत सगळं होतं, कशाला हात लावला नाही नुसतं लिहिलं. आता या दोघांच्या मधलं खरं काय ते कळत नाही.

आणि हो, दहा वर्षांवरची डिझेल गाडी वाटेत पकडतात असं ऑफिसमध्ये एकाने घाबरवलंय. शिवाय इन्शुरन्स तिकडे चालतो का, बॉर्डरवर काय काय लागतं, बायकोचं मतदार कार्ड अजून माहेरच्या पत्त्यावर आहे, ते चालेल का. कोणी जुनी गाडी घेऊन प्रत्यक्ष गेलं असेल त्यांनी सांगा प्लीज. "नवीन गाडी घ्या" हा सल्ला बायकोने आधीच दिलाय.

---

ऐरोली_ते_कुठेही:

गेल्या नोव्हेंबरमध्ये जाऊन आलो दादा, माझी पण २०१२ ची डिझेल एसयूव्ही, २ लाख १० हजार झालेली, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

आधी ते पकडापकडीचं. दहा वर्षांवरच्या डिझेलची बंदी ही दिल्ली-एनसीआरची भानगड आहे, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली, आणि तिथेही आता बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना दिलासा आहे. तुमचा रस्ता एनसीआरच्या जवळूनसुद्धा जात नाही, मग कशाला झोप घालवताय. मात्र बाबांच्या आरसीची तारीख बघा, त्याबद्दल खाली कोणीतरी बोलेलच, नाहीतर मीच बोलतो: १५ वर्षं १३ डिसेंबरला संपतायत. म्हणजे तुम्ही परत याल आणि पंधरा दिवसांत आरसी बाद. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून, तो निघायच्या आधी करून टाका, फिटनेस, पर्यावरण कर वगैरे जे काय असेल ते. वाटेत दरड कोसळून चार दिवस अडकलात तर डोक्याला हा ताप नको. आणि जुनी गाडी म्हणजे एचएसआरपी प्लेट लावलीय ना? नसेल तर आधी ती.

रस्ता. मी गेलो तो समृद्धीने. ठाण्याहून आमणेला चढायचं ते थेट नागपूर, ७०१ किलोमीटर, आता कसारा घाट लागतच नाही, इगतपुरीच्या बोगद्यातून सुळकन बाहेर. लिमिट १२० ची आहे पण ती तुमच्यासाठी नाही हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा, ९० ला धरून चालवा, जुन्या गाडीला सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास ताणलं की आधी टायर बोलतात. टायरच्या साइडला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर असेल तर नक्षी कितीही राहिलेली असो, काढा. स्टेपनी पण बघा, ती तर बहुतेक २०११ चीच निघेल, माझी निघाली होती.

पहिला मुक्काम नागपूर. दुसऱ्या दिवशी सिवनी, जबलपूर करत रीवा, सिवनीच्या आधी पेंचच्या जंगलातून रस्ता खांबांवर उचललाय, खालून जनावरं जातात, पोराला दाखवा. तिसऱ्या दिवशी रीवा ते वाराणसी ते गोरखपूर, हा सगळ्यात कंटाळवाणा दिवस. चौथ्या दिवशी सकाळी शंभरेक किलोमीटरवर सोनौली, म्हणजे बॉर्डर. एकूण अठराशेच्या आसपास पडतं. तिन्ही मुक्काम सहाच्या आत गाठले आम्ही, रात्री अजिबात चालवलं नाही, म्हाताऱ्या माणसांबरोबर आणि म्हाताऱ्या गाडीबरोबर हा एकच नियम पाळा बाकी सगळे मोडा.

बॉर्डर. भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड पुरतं. आधार मोठ्यांना चालत नाही, पण १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं, म्हणजे बाबा आणि चिरंजीव आधारवर. तुमची आई ६५ च्या आत असेल तर तिचं मतदार कार्ड घ्या. वहिनींचं माहेरच्या पत्त्याचं कार्ड चालेल, तिथे पत्त्याशी कोणाला घेणं नसतं. गाडीसाठी भन्सार भरायचा, म्हणजे कस्टमचा रोजाच्या हिशोबाचा परवाना. आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स. लायसन्स आपलं भारतीयच चालतं, इंटरनॅशनल वगैरे काढत बसू नका. मालक बाबा आणि ते गाडीत आहेत, मग प्रश्नच नाही, नाहीतर त्यांचं अधिकारपत्र लागलं असतं. वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस आपली गाडी तिकडे ठेवता येते. गेटबाहेर एजंट अंगावर धावून येतील, "सर फॉर्म, सर फॉर्म", पण फॉर्म देवनागरीत असतो हो! सवारी साधन म्हणजे गाडी, सवारी चालक अनुमतिपत्र म्हणजे लायसन्स, मराठी माणसाला एजंट कशाला हवा.

पण इथेच मी शहाणपणा केला. सात दिवसांचा भन्सार घेतला. पावतीवर तारीख त्यांची, विक्रम संवत, २०८२ मंसिर अमुक. मी आपला इकडच्या कॅलेंडरने बोटं मोजत होतो आणि आत शिरलो तो दिवस धरलाच नव्हता. पोखऱ्यात हॉटेलच्या पोराने पार्किंगसाठी कागद बघितला आणि म्हणाला, "दाइ, यो त भोलि सकिन्छ." उद्या संपतोय! मी दोन दिवस बाकी धरून फेवा तालावर बोटीचं ठरवत होतो. पहाटे पाचला पोखरा सोडलं, बायको बोटीसाठी अजून ऐकवते. तेव्हा दोन दिवस जास्तीचाच भरा, उशिराचा दंड भरण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि त्याच पहाटेच्या घाईत ते झालं. पोखरा ते बुटवल हा सिद्धार्थ राजमार्ग, स्याङ्जाच्या चढावर टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ फाटला. आधी शिट्टीसारखा आवाज, मग फुस्स, मग मागे काळाकुट्ट धूर आणि गाडी दुसऱ्या गिअरला पण चढेना. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. तेरा वर्षांचं रबर, बस. खालच्या वस्तीत एक मिस्त्री होता, त्याने फाटलेलं टोक ब्लेडने अंगठ्याएवढं कापलं, उरलेला पाइप खेचून परत बसवला, वरून सायकलची ट्यूब गुंडाळली आणि तारेने आवळलं. वीस मिनिटं. तेवढ्यावर मी ऐरोलीला घरी आलो. म्हणून तुमच्या ७२ हजारांच्या यादीतून टर्बो खोडा आणि रबराचं जे जे असेल ते सगळं ठेवा.

---

आगाऊ_कार्टा:

विमानाने काठमांडू, तिथून पोखरा, पोखऱ्याहून सकाळचं विमान जोमसोम. दोन दिवसांत दर्शन. बाबांना गाडी इतकीच प्रिय असेल तर मुक्तिनाथला तिचा फोटो घेऊन जा 😄

बाय द वे नेपाळच का, भूतान करा ना, रस्ते तरी बरे.

---

ऐरोली_ते_कुठेही:

@आगाऊ_कार्टा भूतानला भारतीय माणसामागे रात्रीला १२०० रुपये एसडीएफ, म्हणजे पर्यटकांवरचं सरकारी शुल्क, आहे. मोठी चार माणसं, दहा रात्री, मांड हिशोब. आणि मुक्तिनाथ भूतानात नाही रे बाबा.

---

पाना_नंबर_तेरा:

कळंबोलीत गॅरेज आहे, ट्रक आणि डिझेल पंप-इंजेक्टरचं काम करतो, इथे वाचायला येतो, लिहीत नाही सहसा. पण हा इंजिनचा विषय निघाला म्हणून.

हे १.३ इंजिन चांगलं आहे. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे बेल्ट तुटून मधेच इंजिन बसण्याची भीती नाही, फक्त सकाळी थंड असताना पुढच्या बाजूने खडखड येते का ऐका, येत असेल तर चेन-टेन्शनर बघून घ्या. तुमच्या मॉडेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, अ‍ॅडब्लू (धूर साफ करायला वेगळं भरावं लागणारं द्रव) नाही, लांबच्या प्रवासाला ही फार मोठी सोय आहे, नव्या डिझेलवाल्यांना विचारा.

सकाळी पांढरा धूर चार-पाच सेकंद म्हणजे बहुतेक एखादा ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्ट व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारा) गेलाय. इथे ठाण्याच्या हवेत तीन प्लगवर पण स्टार्ट होते, कळत नाही. तिकडे वर नोव्हेंबरात पहाटे पाणी गोठतं तिथे कळेल. चारही तपासा, सोडताना घाई करू नका, जुना प्लग हेडमध्ये मोडला तर मग खरंच ७२ हजारांची गोष्ट. इंजिन गरम असताना, हळूहळू, आदल्या दिवशी ऑइल मारून.

इंजेक्टर. बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा लीक-ऑफ टेस्ट केली का. चार छोट्या पारदर्शक बाटल्या लावायच्या, प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी एकेका बाटलीत, गाडी आयडलला चालू. ठराविक वेळाने बघायचं. चारही बाटल्यांत सारखं डिझेल असेल तर इंजेक्टरला हात लावू नका. एकीत दुप्पट जमलं तर तेवढाच काढा. लाखोंच्या गाडीला चार बाटल्यांची टेस्ट, पण करत कोणी नाही, कारण टेस्टमध्ये पैसे नाहीत, इंजेक्टरमध्ये आहेत.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं, भसभस धूर आला तर पिस्टनच्या रिंगा थकल्या, मग लांब नेऊ नका. तुम्ही म्हणता ऑइल खात नाही, पण ऐकीव नको, फुल मार्कपर्यंत भरा, हजार किलोमीटर चालवा, मग काडी बघा. पुणे-नाशिक करा दोन-तीन वीकेंड, त्यातच बाकीचे रोग पण बाहेर येतील. नवीन पार्ट टाकून दुसऱ्या दिवशी नेपाळ, असं कधी करू नका. नवीन पार्ट पण फसतो, आणि क्लिप सैल राहिलेली पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये कळते. सगळं काम नवरात्राच्या आधी उरका.

रबर, वरचे भाऊ बोलले ते शंभर टक्के. रेडिएटरचे वरचे-खालचे होज अंगठ्याने दाबून बघा. कडक कुरकुरीत लागला तरी बाद, स्पंजासारखा मऊ लागला तरी बाद. हीटरच्या दोन बारीक नळ्या मागे फायरवॉलजवळ असतात, त्या कोणी बदलत नाही आणि त्याच फुटतात. इंटरकूलरचे पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकचे फ्लेक्सिबल होज, डिझेलच्या रिटर्न नळ्या. हे सगळं मिळून तुमच्या एस्टिमेटच्या पावपट पण होणार नाही. कूलंट नवीन, ब्रेक ऑइल नवीन. ब्रेक ऑइल पाणी ओढतं हवेतलं, जुनं झालं की लांब उतारावर गरम होऊन उकळतं आणि पेडल डायरेक्ट खाली जातं. उतरताना ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. हे बाबांना माहीत असेल, तुम्हाला सांगतोय.

डिझेल तिकडे खराब मिळतं असं लोक उगाच सांगतात. नेपाळचं डिझेल आपल्याच इंडियन ऑइलकडून जातं, २०१९ पासून मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत पाइपलाइन आहे. तरी एक डिझेल फिल्टर जवळ ठेवा आणि जायच्या आधी फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा, पावसाळ्यानंतर असतंच.

बरोबर ठेवायचं: फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, एक लिटर इंजिन ऑइल, कूलंट, दोन-चार साइजच्या होज क्लिपा, आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप, फ्यूज, आणि हो, सायकलची ट्यूब.

---

कामोठेकरीण:

मी आईला घेऊन दोन वर्षांपूर्वी मुक्तिनाथ केलंय, गाडी आमची नव्हती, पण वरच्या रस्त्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

दादा, सेडान पोखऱ्याच्या पुढे नेऊ नका. बेनीपर्यंत ठीक. त्यापुढे तातोपानी ते घासा हा पट्टा बघितलात ना तर बाबा स्वतःच म्हणतील वळव. काही ठिकाणी रस्ता म्हणजे डोंगराला मारलेला ओरखडा, वरून धबधबा थेट रस्त्यावर, खाली काली गंडकी, आणि समोरून बस. आमच्या जीपवाल्याने एका ओढ्यात गाडी घातली तेव्हा पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागलं होतं. तुमच्या सेडानचा सायलेन्सर तिथेच राहील. पाच माणसं आणि डिकी भरलेली म्हणजे आधीच बसलेली असणार.

पोखऱ्याहून जीप मिळते, शेअर किंवा पूर्ण, जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर आहे पण पूर्ण दिवस जातो. वर जायला अन्नपूर्णा क्षेत्राचा परमिट लागतो, सार्कवाल्यांना कमी दर आहे, पोखऱ्यात काढून घ्या, फोटो लागतात.

आणि गाडीपेक्षा बाबांचं बघा. पोखरा आठशे-साडेआठशे मीटरवर, मुक्तिनाथ ३७०० च्या वर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची, ती पण एका दिवसात. आम्ही थेट वर न जाता जोमसोमच्या अलीकडे मार्फाला राहिलो, सफरचंदाचं गाव आहे, पांढरी घरं, आईला तिथे शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वर जाऊन दुपारच्या आत खाली. दुपारनंतर त्या खोऱ्यात असा वारा सुटतो की तोंडात वाळू जाते, जोमसोमची विमानं पण म्हणून सकाळीच उडतात. राणीपौवाला जीप थांबते, पुढे पायऱ्या, घोडी मिळते. आई घोडीवर बसणार नाही म्हणाली आणि दर दहा पायऱ्यांवर थांबत गेली, तिथे थांबायला लाजायचं नसतं, सगळेच थांबतात. देवळामागच्या १०८ धारांखालून ती पळत गेली मात्र, मला वाटलं आता पडते. पाणी इतकं गार की डोकं दुखतं. टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशीच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

डॉक्टरांना आधी दाखवा, बीपीची गोळी असेल तर उंचीचं सांगून विचारा.

---

कोलशेतकर:

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, विशेषतः तेरा नंबर साहेबांचे. झाकण आजच सैल करून बघितलं, बाबा बाजूला उभे होते ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात तसे. थोडी वाफ, बाकी काही नाही. टायर २०१८ चे निघाले, मला वाटत होतं आत्ताच तर घातलेत. स्टेपनी खरंच २०११ ची, अजून कारखान्यातला पिवळा पट्टा होता तिच्यावर.

इन्शुरन्सचं राहिलं. आमच्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला परदेशात आपली पॉलिसी चालतच नाही, विषय सोडा.

---

ऐरोली_ते_कुठेही:

एजंटला म्हणावं "जिऑग्राफिकल एरिया एक्स्टेन्शन" शोध. जुन्या मोटर टॅरिफपासून आहे ही सोय, नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव एवढ्यांसाठी पॉलिसी वाढवून मिळते, टॅरिफमध्ये फुल पॉलिसीला फक्त ५०० रुपये जास्तीचे होते. माझा एजंट पण आधी नाहीच म्हणाला होता, मी कंपनीला थेट मेल टाकला, चौथ्या दिवशी एंडोर्समेंट आली. तो कागद प्रिंट काढून ठेवा, मोबाइलवर नको. निघायच्या दोन दिवस आधी मागू नका पण.

पैशाचं: शंभराच्या नोटा भरपूर घ्या, पाचशेच्या तिकडे दुकानात कोणी घेईलच असं नाही. भाव फिक्स आहे, आपला १ म्हणजे त्यांचा १.६०, तेव्हा कोणी दीडने देऊ केलं तर हसून पुढे जा. फास्टॅग तिकडे शोपीस. घड्याळ १५ मिनिटं पुढे. आणि काठमांडूला गेलात तर हॉर्न वाजवू नका, २०१७ पासून बंदी आहे, ठाण्याच्या माणसाला पहिले दोन तास हात बांधल्यासारखं वाटतं.

---

आगाऊ_कार्टा:

बुटवल ते पोखरा सिद्धार्थवरून जायचं की नारायणघाट-मुग्लिंगवरून?

(हो, मी पण विचार करतोय. हसू नका.)

---

ऐरोली_ते_कुठेही:

हसलो 😂 सिद्धार्थ. वळणं जास्त आहेत, पोराला ओकारीची गोळी द्या, बुटवल सोडल्या सोडल्या सिद्धबाबाजवळ डोंगर ढासळतो तेवढं अंतर न थांबता काढा, पण पाल्पा-तानसेनचा तो भाग फार सुंदर आहे. मुग्लिंगकडे जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दोन बसगाड्या दरडीबरोबर त्रिशूलीत गेल्या ते आठवत असेलच. नोव्हेंबरात पाऊस नसतो तेव्हा तसं नाही होणार, पण ट्रक, धूळ आणि रुंदीकरणाची कामं, म्हाताऱ्या माणसांना दिवसभर त्यात कशाला बसवायचं. पावसाळ्यात मात्र यातला कुठलाच रस्ता नको.

---

पाना_नंबर_तेरा:

तिकडे गाडी बंद पडली तर घाबरू नका. आपल्याकडच्याच गाड्या तिथे धावतात, फक्त करामुळे किंमत दोन-तीनपट पडते, म्हणून लोक वीस-वीस वर्षं जपतात, आणि म्हणून मिस्त्री तयार आहेत. तुमच्या इंजिनचे पार्ट बुटवल, पोखरा, काठमांडूला मिळून जातील. आता नवीन गाड्या तिकडे बहुतेक इलेक्ट्रिक येतात, तो भाग वेगळा.

---

कोलशेतकर:

अपडेट. काल जेवताना बैठक झाली. जीपचा मुद्दा निघाल्यावर बाबा बराच वेळ भात चिवडत बसले. मग विचारलं, "म्हणजे मी वर जाणार आणि ती पोखऱ्यात एकटी उभी राहणार?" आईने ताट उचललं आणि म्हणाली, मी माहेरी गेले की मी पण एकटीच असते, तेव्हा नाही कधी एवढी चौकशी. त्यावर कोणी काही बोललं नाही. पण झालं, जीप मान्य. अट एकच, पार्किंगला छप्पर पाहिजे.

कामोठेकरीण ताई, बाबांचं ईसीजी आणि बाकी तपासण्या पुढच्या आठवड्यात. तेरा नंबर साहेब, तुमच्याकडेच आणतो गाडी येत्या शनिवारी, मेसेज टाकलाय, बाटल्यांची टेस्ट बाबांना स्वतः बघायचीय, स्टूल असेल तर बरं, गुडघे दुखतात त्यांचे. समृद्धीला सकाळी सहाला लागायचा विचार आहे. ठाण्याहून आमणेला जायचं तर भिवंडी बायपास साधारण किती वाजता मोकळा असतो?

---

ऐरोली_ते_कुठेही:

छप्परवाल्या हॉटेलचं नाव मेसेजमध्ये देतो, लेकसाइडलाच आहे, तोच पोरगा अजून असेल तर माझं नाव सांगा, मंसिरवाला म्हणून ओळखेल.

बायपासचं म्हणाल तर आम्ही पहाटे साडेतीनला माजिवड्याला होतो. तेव्हाही पुढे कंटेनर होतेच. आईंना डबा खालच्या पिशवीत नको, मांडीवरच द्या.